कर्करोगावरची ब्रेक सोडणारी औषधे : क्योटोपासून परळपर्यंत

शहापूर-मुरबाड भागातल्या ज्या घरांनी तोंडाचा कर्करोग पाहिला आहे, त्यांना परळच्या टाटा रुग्णालयाची वाट माहीत आहे. आसनगावहून लोकल, मुरबाडहून आधी कल्याणपर्यंत एसटी. तिथे ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. हे उपचार आले कुठून आणि इतके महाग का, ते पाहू.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी रोगट पेशींना मारतात. त्यांनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना ब्रेक असतात. जपानच्या क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या गटाला १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन सापडले. ते ब्रेक आहे, हे काही वर्षांनी कळले. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक अडवून उंदरांमधल्या गाठी नाहीशा करून दाखवल्या. कर्करोगाच्या अनेक पेशी पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाने हा पीडी-१ ब्रेक दाबून धरतात आणि सुटतात. तो दाबू न देणारे निवोलुमॅब २०१४ मध्ये वापरात आले. २०१८ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

पण निवोलुमॅब ही अँटीबॉडी आहे, म्हणजे हजाराहून जास्त अमिनो आम्लांचे मोठे प्रथिन. ते जिवंत पेशींमध्ये तयार करावे लागते, थंड ठेवावे लागते, शिरेतून द्यावे लागते. किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जाते.

यावर दोन वाटा निघाल्या.

पहिली परळमध्ये. टाटा रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सर्वांना कमी मात्रेची तोंडी औषधे दिली. निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले.

दुसरी वाट पेप्टाइडची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे असते. पीडी-१ आणि पीडी-एल१ जिथे एकमेकांना चिकटतात तो भाग सपाट आणि पसरट आहे. साध्या गोळीतल्या लहान रेणूला तिथे धरायला खाच मिळत नाही. म्हणून बंगळूरच्या ऑरिजीन कंपनीने पीडी-१ च्याच रचनेवरून २९ अमिनो आम्लांचे एयूएनपी-१२ घडवले. अडचण अशी की पोटातले पाचकरस पेप्टाइडचे तुकडे करतात. इन्सुलिन टोचून घ्यावे लागते ते त्यामुळेच. साखळीचे कडे करणे, अमिनो आम्ले बदलणे असे उपाय संशोधक करत आहेत. पण पीडी-१ चा ब्रेक सोडणारे कोणतेही पेप्टाइड अजून मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. कोणी ‘कर्करोगावरचे पेप्टाइड’ म्हणून काही विकत असेल, तर घेऊ नका.

ब्रेक सुटला की टी-पेशी कधी फुप्फुस, आतडे, थायरॉइडवरही उलटतात. उपचार चालू असताना जुलाब, धाप किंवा नवा खोकला सुरू झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा.

महागड्या औषधाचे नाव ऐकून उपचार सोडू नका. ‘कमी मात्रेत चालेल का?’ हे डॉक्टरांना विचारा. आणि तंबाखू, मिश्री किंवा गुटखा घेणाऱ्याच्या तोंडातला व्रण, पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. लवकर सापडलेल्या कर्करोगाला बहुतेकदा या औषधांची गरजच पडत नाही.