आइससेव्ह: एका बचत खात्याची कुळकथा

ऑक्टोबर २००६मध्ये ब्रिटनच्या बाजारात ‘आइससेव्ह’ हे बचत खातं आलं. व्यवहार सगळा इंटरनेटवर आणि व्याज तिथल्या बड्या बँकांपेक्षा चढं. खातं होतं आइसलँडच्या लान्ड्सबांकीचं.

ही बँक एकोणिसाव्या शतकातली, बराच काळ सरकारी. १९९४मध्ये आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात गेलं आणि तिथल्या बँकांना युरोपभर शाखा काढायची मुभा मिळाली. २००३पर्यंत सरकारी बँकांचं खासगीकरण आटोपलं. नवे मालक हौशी होते आणि युरोपात रोखे विकून पैसा सहज उभा राहत होता. २००६च्या सुरुवातीला मात्र पतमापन संस्था फिच आणि डेन्मार्कची डान्स्के बँक यांनी या उधारीवर बोट ठेवलं. रोखे घेणारे बिचकले. आता पैसा आणायचा कुठून? सामान्य ठेवीदारांकडून. आइससेव्हचा जन्म हा असा, नडीतून झालेला.

खरी मेख कागदोपत्री होती. लान्ड्सबांकीची ब्रिटनमध्ये हेरिटेबल नावाची उपकंपनी होती, पण आइससेव्ह चालवलं शाखेतून. शाखेतला पैसा रेक्याविकला नेणं सोपं. पण शाखेतल्या ठेवींना पहिलं संरक्षण आइसलँडच्या विमा निधीचं, प्रत्येकी सुमारे २०,८८७ युरोपर्यंत. जेमतेम सव्वातीन लाख वस्तीच्या देशाच्या निधीवर एकट्या ब्रिटनमधल्या तीन लाखांवर ठेवीदारांचा भार! एवढं असूनही मे २००८मध्ये हेच खातं नेदरलँड्समध्येही उघडलं गेलं. याला धाडस म्हणणं मला तरी जमत नाही.

ऑक्टोबर २००८च्या एका आठवड्यात लान्ड्सबांकीसह आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळून सरकारच्या ताब्यात गेल्या. ८ तारखेला ब्रिटनने लान्ड्सबांकीची मालमत्ता गोठवली, तीही २००१च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली. ठेवीदारांना ब्रिटिश आणि डच सरकारांनी पैसे दिले आणि बिल आइसलँडकडे धाडलं. तिथल्या मतदारांनी २०१० आणि २०११च्या सार्वमतांत परतफेडीचे करार धुडकावले. २०१३मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या (एफ्टा) न्यायालयानेही आइसलँडच्या बाजूने कौल दिला.

तरी पैसे फिटले. ६ ऑक्टोबर २००८च्या आणीबाणीच्या कायद्याने ठेवीदारांचा हक्क रोखेधारकांच्या आधी आणला होता. बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून ही देणी जानेवारी २०१६पर्यंत चुकती झाली. तोटा सोसला तो रोखेधारकांनी.