ध्वनीच्या अंतरंगात

संगणकावरचं संगीत म्हटलं, की आपल्या मनात पहिली शंका येते ती अशी, की यात माणूस कुठे उरला? बटण दाबलं आणि सूर निघाला, तर मग रियाझ कशाला आणि कलावंत तरी कशाला? ही शंका अगदीच निराधार नाही. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला एकेकाळी व्हायोलिनवादकांचा ताफा बसायचा. पुढे त्यांचं काम एक कीबोर्ड करू लागला आणि वादक घरी बसले, हे आपण डोळ्यांदेखत पाहिलं आहे. पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांनी संगणकाकडून अगदी वेगळं काम करून घेतलं. वादकाला बाजूला सारण्यासाठी नव्हे, तर त्याच्या वाद्यातून नेमकं काय काय निघतं, हे नीट ऐकण्यासाठी त्यांनी तो वापरला. त्यांचं नाव कैया सारिआहो.

सारिआहो यांचा जन्म फिनलंडमध्ये, हेलसिंकी इथे, १९५२ साली झाला. लहानपणी रात्री झोपताना त्यांना उशीतून संगीत ऐकू यायचं म्हणे, आणि त्या आईला सांगायच्या, की ही उशी जरा बंद कर. ही आठवण त्या मोठेपणी हसत सांगत. व्हायोलिन, पियानो, ऑर्गन अशी वाद्यं त्या शिकल्या. पण आपण संगीतरचना करू शकू, असं म्हणायला त्यांना धीर होत नव्हता. अखेर १९७६ साली त्या हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत पावो हायनिनेन या संगीतकारांकडे गेल्या. वर्ग भरला आहे, जागा नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा मला घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या, आणि त्यांना प्रवेश मिळाला. मुलगी आहे, उद्या लग्न करून जाईल, तिच्यावर वेळ कशाला घालवायचा, असं मानणारे शिक्षक त्या काळात फिनलंडमध्येही होते.

अकादमीत त्यांना चांगले सोबती भेटले. मागनुस लिंडबर्ग हे पुढे नामवंत संगीतकार झाले आणि एसा-पेक्का सालोनेन यांनी वाद्यवृंदाचे संचालक म्हणून जगभर कीर्ती मिळवली. या तरुणांनी १९७७ साली एक संस्था काढली. तिचं फिनिश नाव होतं ‘कोर्वात आउकी’, म्हणजे ‘कान उघडा’. युरोपात घडणारं नवं संगीत आपल्या देशात ऐकवायचं, हा तिचा उद्देश. सारिआहो यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं सार या दोन शब्दांत आलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पुढच्या शिक्षणासाठी त्या जर्मनीत फ्रायबुर्गला गेल्या. त्या वेळी युरोपातल्या नव्या संगीतावर गणिती मांडणीचा मोठा दबदबा होता. स्वरांचा क्रम, त्यांची लांबी, त्यांचा जोर, सगळं आधी कागदावर कोष्टकात बसवायचं. कागदावर ते देखणं दिसायचं, पण ऐकणाऱ्याच्या कानाला त्यातलं किती जाणवायचं? सारिआहो यांना हा प्रश्न छळत होता. त्याच सुमारास जेरार ग्रिझे आणि त्रिस्तां म्युराय या फ्रेंच संगीतकारांचं संगीत त्यांच्या कानावर पडलं. हे लोक कोष्टकापासून नव्हे, तर प्रत्यक्ष ध्वनीपासून सुरुवात करत होते.

ध्वनीपासून सुरुवात म्हणजे काय, हे आपल्याला समजायला मुळीच अवघड नाही. तंबोऱ्याची खरजाची तार छेडली, की तिच्या गुंजनात कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तार एकच, पण ती जशी पूर्ण लांबीनं कंप पावते, तशीच त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या हिश्शांतही कंप पावत असते. पाचव्या हिश्शाचा तो उपस्वर म्हणजेच आपला गंधार. जवारी नीट लागली, की हे उपस्वर खुलतात. बासरीचा षड्ज आणि चेलोचा षड्ज यांत जो फरक आपल्याला कळतो, तो बराचसा या उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळेच. आपले गवई हे कानानं ओळखत आले. पॅरिसच्या संगीतकारांनी त्यासाठी संगणक हाताशी धरला.

प्येर बुलेझ यांच्या पुढाकारानं पॅरिसमध्ये ‘इर्काम’ नावाची संगीत संशोधनसंस्था १९७७ साली सुरू झाली होती. सारिआहो १९८२ साली तिथे दाखल झाल्या आणि मग पॅरिस हेच त्यांचं घर झालं. त्यांचे पती, संगीतकार झाँ-बातिस्त बारिएर, याच संस्थेत काम करत होते. इथे संगणकावर त्यांनी केलेली सुरुवातीची रचना म्हणजे ‘व्हेर ल ब्लाँ’, म्हणजे ‘शुभ्राकडे’. तीन स्वरांचा एक समूह सुमारे पंधरा मिनिटांत दुसऱ्या तीन स्वरांच्या समूहाकडे सरकतो, एवढीच तिची घटना. ही मींड इतकी संथ, की बदल होताना कळत नाही, झाल्यावरच कळतो. माणसाच्या गळ्याला इतकी लांब मींड घेणं शक्य नाही. म्हणजे इथे यंत्र माणसाची नक्कल करत नव्हतं, माणसाला न जमणारी गोष्ट करत होतं.

पण त्या यंत्रापाशीच थांबल्या असत्या, तर आज त्यांच्याविषयी बोलण्याचं कारण नव्हतं. ‘लिख्टबोगेन’ या १९८६ च्या रचनेत त्या पुन्हा वाद्यांकडे वळल्या. उत्तर ध्रुवाजवळच्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाच्या कमानी, हे या रचनेमागचं चित्र. चेलोवर गज फिरवताना तो घोडीजवळ नेला किंवा दाब वाढवला, की गोड सूर हळूहळू खरखरीत होत जातो आणि शेवटी नुसता आवाज उरतो. हा प्रवास त्यांनी संगणकाकडून मोजून घेतला, आणि त्यातून जे सापडलं, त्यावर वाद्यमेळाची स्वरयोजना उभी केली. आपल्याकडे सूर आणि गोंगाट हे एकमेकांचे वैरी मानले जातात. सारिआहो यांनी दाखवून दिलं, की ती एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत आणि खरं नाट्य मधल्या वाटेवर आहे. ‘नोआनोआ’ या १९९२ च्या रचनेत तर बासरीवादक फुंकरीबरोबर शब्दही कुजबुजतो. संगणक त्याला साथ देतो, पण कधी द्यायची हे ठरवतं वादकाच्या पायाखालचं पेडल. तबलजीनं गवयाकडे लक्ष ठेवावं, तसं यंत्र माणसाची वाट पाहतं.

इतक्या सूक्ष्म कामातून नाटक कसं उभं राहणार, असं कुणालाही वाटेल. पण २००० साली साल्झबुर्गच्या महोत्सवात त्यांचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला. त्याचं नाव ‘लामूर द ल्वँ’, म्हणजे ‘दुरून केलेलं प्रेम’. लेबनॉनमध्ये जन्मलेले फ्रेंच लेखक अमीन मालूफ यांनी त्याची संहिता लिहिली. बाराव्या शतकातला एक कवी समुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या स्त्रीवर प्रेम करतो, तिच्याकडे जायला निघतो आणि पोचतो तो मरणाच्या दारात. दोन किनाऱ्यांमधलं ते अंतर वाद्यवृंद आणि संगणकाचे ध्वनी मिळून भरून काढतात.

हाच ऑपेरा डिसेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला. तिथे यापूर्वी एका स्त्रीनं रचलेला ऑपेरा झाला होता तो १९०३ साली, इंग्लंडच्या एथेल स्मिथ यांचा. मधे तब्बल ११३ वर्षं गेली! वाद्यवृंदाचं संचालन करायलाही सुसाना मालकी ही स्त्रीच होती. सारिआहो यांना मात्र ‘स्त्री-संगीतकार’ हे बिरूद कधी रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, माझ्या संगीताविषयी बोला. पण ज्या तरुणीला वर्गात जागा मिळवायला हटून बसावं लागलं होतं, तिच्या आयुष्यात हा आकडा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

त्यांचा शेवटचा ऑपेरा ‘इनोसन्स’ २०२१ साली फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस इथे सादर झाला. एका शाळेत गोळीबार होऊन मुलं मेली आहेत. दहा वर्षांनंतर एका लग्नाच्या मेजवानीत वाढपीण म्हणून आलेल्या बाईला कळतं, की नवरामुलगा हा आपल्या मुलीच्या मारेकऱ्याचा भाऊ आहे. सोफी ओक्सानेन यांच्या या कथेत पात्रं नऊ भाषांत बोलतात आणि गातात. काही जण गातच नाहीत, नुसते बोलतात. मेलेली मुलगी मात्र फिनलंडच्या लोकगीतांच्या ढंगात गाते. आघातानंतर कुणाचा गळा बसतो, कुणाचा फुटतो, हे ओळखायला लागणारा कान सारिआहो यांनी चाळीस वर्षं घडवला होता.

तोवर त्यांना मेंदूच्या कर्करोगानं गाठलं होतं. २ जून २०२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधी त्यांनी एक रचना पुरी केली होती, ट्रम्पेट आणि वाद्यवृंदासाठीची ‘हश’, म्हणजे ‘शांत’. ऑगस्टमध्ये ती हेलसिंकीत वाजली. त्या रचनेत एमआरआय यंत्राचा ठोकणारा आवाजही येतो. ज्यांनी त्या यंत्रात पडून तपासणी करून घेतली आहे, त्यांना तो आवाज विसरता येत नाही. आपण तो सहन करतो आणि सुटका झाली की विसरू पाहतो. सारिआहो यांनी तोही नीट ऐकून ठेवला आणि त्याला वाद्यवृंदात जागा दिली.

म्हणून, यंत्र आलं की माणूस हरतो का, हा प्रश्न यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. यंत्रासमोर बसलेल्याचे कान उघडे आहेत की मिटलेले, एवढंच पाहायचं. पुढच्या वेळी कुठे तंबोरा जुळत असला, तर गाणं सुरू व्हायची घाई न करता क्षणभर त्या गंधाराकडे लक्ष द्या. सारिआहो यांचं संगीत ऐकायची तयारी तिथूनच सुरू होते.