तळटीप : घोडीचा टेंपो

'घोडीचा टेंपो' : लग्नसराईत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या लॉन्सपर्यंत वरातीची घोडी घेऊन येणारे मालवाहू वाहन, बहुधा साधी पिकअप. तिच्या हौद्याचे फाळके जेमतेम कमरेइतके असल्याने वर लोखंडी पाइपांचा पिंजरा चढवावा लागतो. पत्र्याच्या तळावर नाल ठोकलेले खूर घसरतात; म्हणून खाली रबरी चटई किंवा पेंढा हवा. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या केंद्रीय नियमांत घोड्यांसाठी बारीक तपशील आहे : न घसरणारा तळ, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, एका गाडीत फार तर चार ते सहा घोडे. तोंडे डावीकडे ठेवावीत असेही त्यांत आहे, कारण आपल्याकडे मागून पुढे जाणारी वाहने उजवीकडून जातात आणि त्यांचे दिवे, हॉर्न यांनी घोडे बुजते. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर. महामार्गावर ती पाळणारा चालक विरळाच. मोटार वाहन नियमांत २०१६ पासून घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागेचा स्वतंत्र कप्पाही आवश्यक झाला. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या बाजारातून घेतलेली जनावरे लांबचा पल्ला असल्याने ट्रकमधून येतात. खरी जोखीम प्रवासाइतकीच चढउताराची : उतरती फळी नसेल, तर गाडी मागून एखाद्या बांधाला टेकवतात. घोड्याला हौद्यातून उडी मारायला लावल्यास पाय मुरगळतो.