जपानमध्ये बांबूला चिठ्ठ्या, झाडीपट्टीत दारात पळस! पोळ्याचे 'मेढे' म्हणजे नेमकं काय?

जुलै महिना आला की इन्स्टाग्रामवर जपानच्या रील्स फिरायला लागतात. बांबूच्या फांद्या, त्यांना बांधलेल्या रंगीत चिठ्ठ्या आणि काचेच्या वाडग्यात थंडगार शेवया. हा सण म्हणजे तानाबाता.

पण ऋतूतल्या झाडाची फांदी दारात उभी करायची, ऋतूतल्याच पानावर जेवायचं आणि सण संपला की फांदीसोबत इडापिडा बाहेर पाठवायची, हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीतही होतं. तिथं बांबूच्या जागी पळस आहे आणि सणाचं नाव आहे पोळा.

आधी तानाबाता समजून घेऊ

मूळ गोष्ट चीनची. ओरिहिमे ही विणकाम करणारी राजकन्या आणि हिकोबोशी हा गुराखी. दोघं प्रेमात पडले, काम विसरले आणि आकाशगंगेच्या दोन काठांवर वेगळे झाले. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, वर्षातून एकदाच त्यांची भेट होते. त्या दिवशी लोक कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. जेवणात सोमेन नावाच्या बारीक शेवया असतात. नंतर हा बांबू नदीत सोडून द्यायची जुनी पद्धत होती.

आता जपानमध्ये हा सण बहुतेक ठिकाणी 7 जुलैला होतो. सेंदाई शहरातला मोठा उत्सव मात्र 6 ते 8 ऑगस्टला असतो, कारण जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे ही तिथी साधारण ऑगस्टमध्ये येते. म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या श्रावणात.

गंमत पुढे आहे. ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी हिकोबोशी म्हणजे श्रवण. याच श्रवण नक्षत्रावरून श्रावण महिन्याला नाव मिळालं आणि त्याच श्रावणाच्या अमावस्येला बैलांचा पोळा येतो.

झाडीपट्टीचा पोळा कसा असतो?

चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा पट्टा. पोळ्यापर्यंत रोवणी आटोपलेली असते आणि चिखलात राबलेल्या बैलांना विश्रांती मिळते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा तेल लावून शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात.

दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरांच्या माळा. गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या रंगतात. तोरण तुटलं की पोळा फुटतो. मग बैल घरोघरी जातात, त्यांची पूजा होते आणि मालकाला बोजारा मिळतो.

पळस कुठे येतो?

दारात. पळसाच्या पानांसकट तोडलेल्या डहाळ्या घरासमोर ठेवतात, त्यांनाच मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी 'घेऊन जा गे मारबत' अशी हाळी देत हे मेढे गावाबाहेर नेऊन टाकतात. रोगराई, किडे, संकटं त्यांच्यासोबत जावीत ही त्यामागची भावना.

आणि ताटात. पुरणपोळीचं जेवण पळसाच्याच पत्रावळीवर वाढायची रीत आहे, भाजी-कढीला द्रोण.

पळसच का? 'पळसाला पाने तीनच' ही म्हण तुम्हाला माहीत असेल. ती तीन पानं मोठी, रुंद आणि चिवट असतात. फुलं झडल्यावर उन्हाळ्यात नवी पालवी येते आणि पावसाळ्यात पान पूर्ण भरतं. बांबूच्या किंवा गवताच्या बारीक काड्यांनी पानं टाचली की पत्रावळ तयार. वाळवून ठेवली तर पाणी शिंपडून पुन्हा वापरता येते. जेवण झाल्यावर ती थेट उकिरड्यात जाते आणि तिचं खत होतं.

मग अडचण काय आहे?

ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या आणि पंगतीत थर्माकोलच्या प्लेटा शिरल्या. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमच्यांवर देशभर बंदी आली. म्हणजे कायद्याने पत्रावळीला जागा करून दिली आहे. प्रश्न तिला गिऱ्हाईक मिळण्याचा आहे.

पान गोळा करण्याचा हक्कही आता कागदावर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा अधिकार मान्य केला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव घेतलं जातं. पण पत्रावळ टाचणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे पडतील तेव्हाच ही कला पुढच्या पिढीकडे जाईल.

तर तानाबाताच्या रील्स बघाच. फक्त यंदा पोळ्याच्या पंगतीसाठी प्लेटांचं पाकीट आणण्याआधी आठवडी बाजारात पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा दिसतो का, तेही बघा.