कादंबरीची स्वतंत्रता : भारतीय भाषांतील आद्य कादंबऱ्या

एखाद्या कादंबरीची मूळ कल्पना लेखकाची स्वतःची आहे, की ती अन्य कृतीवरून घेतलेली आहे, ह्याचा निर्णय करताना जो गुण विचारात घेतला जातो, त्यास स्वतंत्रता म्हणतात. लेखकाच्या पहिल्या कादंबरीच्या व एखाद्या भाषेतील पहिल्या कादंबरीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. कारण दोन्ही ठिकाणी मागे स्वतःची परंपरा नसते आणि वाचनात आलेल्या परक्या कृती मात्र समोर असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भाषांत ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यामुळे स्वतंत्रतेचे कोणते निकष टिकाऊ आहेत, हे पाहण्यास त्या काळातील कादंबऱ्या विशेष उपयुक्त ठरतात.

संस्कृत साहित्यशास्त्रातील विचार : कल्पनेच्या नावीन्याचा प्रश्न भारतीय साहित्यविचारास अपरिचित नव्हता. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्‌द्योतात दोन कवींच्या अर्थांत आढळणाऱ्या साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी व्यक्तींत असते तसे. पहिले दोन प्रकार त्याने त्याज्य मानले आहेत. तिसरा मात्र ग्राह्य ठरविला आहे, कारण दोन माणसांचे चेहरे सारखे असले, तरी प्रत्येकाचा आत्मा वेगळा असतो. जुना अर्थही रसाच्या योगाने नवा वाटू लागतो, असेही त्याचे मत आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत ह्या विचाराचा विस्तार करून अर्थाचे अन्ययोनी, निह्नुतयोनी व अयोनी असे वर्ग पाडले आणि शब्दहरण व अर्थहरण ह्यांची तपशीलवार चर्चा केली. ह्या परंपरेत विषय जुना असणे हा दोष नव्हता. दुसऱ्याने केलेली मांडणी जशीच्या तशी उचलणे हा दोष होता. प्रतिभेची स्वयंस्फूर्तता व अननुकरण ह्यांवर भर देणारी कल्पना यूरोपात अठराव्या शतकात दृढ झाली. एडवर्ड यंग ह्या इंग्रज कवीचा ह्या विषयावरील निबंध १७५९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिक्षणाबरोबर ही कल्पना भारतात आली आणि इंग्रजी कादंबरीही तिच्याबरोबरच आली. स्वतंत्र असावे ही अपेक्षा आणि अनुकरणासाठी समोर असलेला आदर्श ही दोन्ही एकाच मार्गाने आल्यामुळे आद्य कादंबरीकारांची स्थिती अवघड झाली.

मराठी कादंबरी : हरि केशवजी ह्यांनी बन्यनच्या रूपककथेचे यात्रिकक्रमण हे भाषांतर १८४१ मध्ये केले. त्यानंतर बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांची यमुनापर्यटन ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवासाच्या ओघात अनेक कहाण्या गुंफण्याची तिची रीत नवीन नव्हती व तिच्यातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा हेतूही उघड आहे. परंतु यमुना व तिचा पती ह्यांना ठिकठिकाणी भेटणाऱ्या हिंदू विधवांच्या हकीकती ह्या कोणत्याही परकी पुस्तकातून घेणे शक्य नव्हते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. कादंबरीची सामग्री तत्कालीन महाराष्ट्रीय घरांतच होती. तिला स्वतंत्र म्हटले जाते, ते ह्या सामग्रीमुळे.

पुढील लेखकांनी हा मार्ग लगेच अनुसरला नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांच्या मुक्तामाला (१८६१) ह्या कादंबरीपासून अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. मंजुघोषा (१८६८) ह्या कादंबरीचे कर्ते नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी आपल्या प्रस्तावनेत ह्यामागील अडचण स्पष्टपणे मांडली आहे. हिंदू समाजातील विवाहाची रीत व लोकांची एकंदर राहणी पाहता तीत मनोरंजक कथेस पुरेसा विषय सापडत नाही. म्हणून अद्‌भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय आहे. आपल्या अवतीभोवतीचे जीवन कादंबरीच्या योग्यतेचे नाही, ही शंका आणि आपली कल्पना पुरेशी नवीन नाही, ही शंका ह्या दोन्हींचे मूळ एकच होते : कादंबरी म्हणजे काय, ह्याचा निर्णय परकी नमुन्यांवरून झालेला होता. विलक्षण घटनांची योजना केल्याने नावीन्य येते, असे मानले गेले. प्रत्यक्षात अशा कादंबऱ्यांतील राजपुत्र, वियोग, अरण्ये व पुनर्मीलने एकमेकांसारखीच झाली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात ह्या प्रकारच्या लेखनाची चिकित्सा केली. त्यापूर्वी रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) ह्यांनी मोचनगड (१८७१) ही शिवकालाच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी लिहून ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. यमुनापर्यटन, मुक्तामाला व मोचनगड ह्या तीन कृतींत मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती भालचंद्र नेमाडे ह्यांनी पाहिल्या आहेत.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात सर्वांत बोधप्रद आहे. पुणे वैभव ह्या पत्रातून १८८५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेली मधली स्थिति ही त्यांची पहिली कादंबरी रेनल्ड्‌झ ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या कृतीच्या आधारे लिहिलेली होती. तथापि तिच्यात पुण्यातील नवशिक्षितांच्या जीवनाचे चित्रण होते. त्यानंतर पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी त्यांनी १८९० मध्ये काढलेल्या करमणूक ह्या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. केवळ कल्पनेचा विचार केला, तर ती नवी नव्हती. विधवेची दुःस्थिती हा विषय बाबा पदमनजींनी तीन दशकांपूर्वी हाताळला होता. नायिकेचे यमुना हे नावही दोन्हीकडे एकच आहे. परंतु पदमनजींची यमुना मुख्यतः इतरांची दुःखे पाहते व ऐकते. आपट्यांची यमुना स्वतःचे आयुष्य बालपणापासून स्वतःच सांगते. माहेरचे व सासरचे घर, तेथील बोलणी, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस आणि त्याच्या मृत्यूनंतर बळजबरीने झालेले केशवपन हे सर्व तिच्या निवेदनातून उलगडते. एकाच कल्पनेतून दोन भिन्न कृती कशा निर्माण होतात, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

अन्य भारतीय भाषा : बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स ह्यांच्या फुलमणि ओ करुणार विवरण (१८५२) ह्या कथेस काहींनी पहिल्या कादंबरीचा मान दिला; परंतु ती एका इंग्रजी कथेवर बेतलेली असल्याचे आढळल्यावर हा दावा दुर्बल झाला. बंकिमचंद्र चतर्जी (१८३८–९४) ह्यांच्या दुर्गेशनंदिनी (१८६५) ह्या पहिल्या बंगाली कादंबरीवर ती स्कॉटच्या आयव्हॅन्होवरून घेतल्याचा आक्षेप आला. जखमी नायकाची शुश्रूषा करणारी परधर्मीय युवती, तिचे विफल प्रेम व शेवटी नायिकेला तिने दिलेले अलंकार ही साम्ये खरोखरच आहेत. दुर्गेशनंदिनी लिहिण्यापूर्वी आपण आयव्हॅन्हो वाचलेली नव्हती, असे बंकिमचंद्रांचे म्हणणे असल्याचे नमूद आहे. हा वाद केवळ पुराव्याने मिटणारा नाही. पण मोगल-पठाण संघर्षाच्या काळातील बंगाल व आयेशेचे व्यक्तिमत्त्व ह्यांमुळे दुर्गेशनंदिनीने बंगाली वाचकांच्या मनात स्वतःचे स्थान मिळविले.

हिंदीतील परीक्षागुरु (१८८२) ह्या कादंबरीत लाला श्रीनिवासदास ह्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. महाभारत, गुलिस्ताँ, बेकन, गोल्डस्मिथ इत्यादींचे ऋण त्यांनी निवेदनातच मान्य केले आणि तरीही आपले पुस्तक नव्या धर्तीचे असल्याचे सांगितले. दिल्लीतील एका व्यापाऱ्याच्या उधळपट्टीची व सुधारणेची कथा सांगण्याच्या रीतीत ते नावीन्य होते.

मलयाळममध्ये ओ. चंतू मेनन (१८४७–९९) ह्यांनी आरंभी डिझरायलीच्या हेन्रिएटा टेंपल (१८३७) ह्या कादंबरीचे भाषांतर करण्याचा प्रयत्न केला. तो साधेना, तेव्हा तो सोडून त्यांनी नायर कुटुंबाच्या जीवनावर इंदुलेखा (१८८९) ही कादंबरी सुमारे दोन महिन्यांत लिहिली. अद्‌भुत घटना नसलेली कथा कोण वाचणार, ही शंका त्यांनाही ऐकावी लागली. पूर्वी देवदेवतांच्या आकृतींत रमणारे लोक आता वास्तव तैलचित्रांकडे वळत आहेत, असा दृष्टांत देऊन त्यांनी प्रस्तावनेत तिचे उत्तर दिले. अप्पू नेडुंगाडी ह्यांची कुंदलता (१८८७) दोन वर्षे आधीची असूनही, केरळीय जीवनाचे चित्रण करणारी पहिली कादंबरी म्हणून इंदुलेखेचाच निर्देश केला जातो.

निकष : वरील उदाहरणांवरून काही गोष्टी निष्पन्न होतात. सारांशरूपाने सांगितलेली कल्पना जवळजवळ कधीच पूर्णतः नवी नसते. म्हणून सारांशावरून स्वतंत्रतेचा निर्णय करणे अयोग्य ठरते. कथासूत्र, पात्रांचे परस्परसंबंध व प्रसंगांचा क्रम ही तिन्ही एकाच पूर्वकृतीशी जुळत असतील, तर ती कृती प्रतिबिंबवत होय. केवळ विषय किंवा प्रकार समान असेल, तर दोष मानण्याचे कारण नाही. कथा दुसऱ्या समाजात नेली असता ती फारसा बदल न होता तशीच राहते काय, ही उपयुक्त कसोटी आहे. यमुना किंवा इंदुलेखा ह्यांच्या कथा त्यांच्या घरांबाहेर नेता येत नाहीत. कायद्याची भूमिकाही ह्याच्याशी विसंगत नाही. कल्पना, विषय वा कथासूत्र ह्यांवर स्वामित्वाधिकार नसतो, तो त्यांच्या अभिव्यक्तीवर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) ह्या खटल्यात स्पष्ट केले. मात्र कायदा अपहरण झाले की नाही एवढेच पाहतो. साहित्यविचारास त्यापुढे जाऊन नवे काय आले, हे पाहावे लागते. आद्य कादंबरीकारांपैकी ज्यांनी नावीन्य दूरच्या प्रदेशात शोधले, त्यांच्या कृती बहुधा इतिहासापुरत्या उरल्या. ज्यांनी परिचित जीवन प्रथमच नीट पाहिले, त्यांच्या कृती परकी आदर्श समोर असतानाही स्वतंत्र ठरल्या.