सरासरीचा पाहुणा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडचा दुकानदार नव्या वहीची पूजा करतो. तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, पहिल्या पानावर स्वस्तिक निघते, आणि मग वर्षभर त्या वहीत आकडे उतरत राहतात. कापडवाल्याचे आज न खपलेले लुगडे उद्याच्या पानावर जाते. वाण्याच्या गुळाची ढेप आणखी महिनाभर थांबू शकते. परंतु एक धंदा असा आहे की त्यातला न खपलेला माल त्याच रात्री संपतो. प्रवाशाला मुक्कामासाठी खोली देण्याचा तो धंदा. सोमवारी रात्री रिकामी राहिलेली खोली मंगळवारी दोनदा विकता येत नाही. सोमवारची रात्र गेली ती गेलीच.

‘हॉटेल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाचा कप आणि भज्यांची बशी येते. या लेखातले हॉटेल मात्र मुक्कामाचे आहे. त्याचा प्रचंड व्यापार विसाव्या शतकात अमेरिकेत उभा राहिला, आणि या व्यापाराने शाळेतल्या अंकगणिताला, म्हणजे सरासरीला, टक्केवारीला आणि संभवाच्या हिशेबाला, कसे कामाला लावले याची हकीकत मोठी वाचनीय आहे. मी पेशाने शाळामास्तर. सरासरीची उदाहरणे फळ्यावर घालताना उत्तर आले की आम्ही खाली दोन रेघा ओढतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. हॉटेलवाल्याची खरी अडचण मात्र त्या दोन रेघांच्या खालीच सुरू होते.

एल्सवर्थ स्टॅटलर हा या व्यापारातला एक आद्यपुरुष. जन्म १८६३चा. लहानपणी काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी राबलेला हा गरीब मुलगा पुढे व्हीलिंग गावच्या एका हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून लागला आणि तेथून वर चढत गेला. १९०१ साली बफेलो शहरात एक मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी स्टॅटलरने २,०८४ खोल्यांचे तात्पुरते लाकडी हॉटेल उभारले. प्रदर्शनाला लक्षावधी माणसे येणार, त्यांना निजायला जागा लागणार, हा हिशेब सरळ होता. पण प्रत्यक्षात गर्दी अंदाजापेक्षा फारच कमी झाली. त्यातच ६ सप्टेंबरला प्रदर्शनाच्याच आवारात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. स्टॅटलर त्या संकटातून कसाबसा बाहेर पडला.

दुसरा कोणी असता तर प्रदर्शनाच्या नावाने कानाला खडा लावून बसला असता. स्टॅटलरने १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात, थेट आवाराच्या आतच, २,२५७ खोल्यांचे हॉटेल बांधले आणि भरपूर नफा मिळवला. एकाच अनुभवावरून नियम बांधू नये, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा. तो त्याने कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. तो त्याच्या खिशाने शिकवला.

याच सुमारास, १९०३च्या डिसेंबरात, आपल्या मुंबईत जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. पहिल्या रात्री तेथे अवघे १७ पाहुणे होते असे सांगतात. त्या एका रात्रीच्या आकड्यावरून कोणी भविष्य वर्तवले असते, तर त्याने मालकाला दारे लावून घ्यायचाच सल्ला दिला असता!

१९०८ साली स्टॅटलरने बफेलोत आपले पहिले कायमचे हॉटेल उघडले. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आणि दर दीड डॉलरपासून. त्या काळी ही चैन समजली जाई. दोन न्हाणीघरे पाठीला पाठ लावून बांधायची आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळीतून न्यायचे, ही त्याची युक्ती. त्यामुळे दर खोलीमागे खर्च उतरला. ‘दर खोलीमागे’ हे दोन शब्द येथे महत्त्वाचे. सबंध इमारतीला किती खर्च आला हा एक प्रश्न. एका खोलीच्या वाट्याला किती आला हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नातूनच हॉटेलचे संख्याशास्त्र जन्मले.

कॉनराड हिल्टन या व्यापारात आला तो अपघाताने. १९१९ साली टेक्ससमधील सिस्को या गावी तो पेढी विकत घ्यायला गेला होता. तो सौदा फिसकटला. मुक्कामासाठी मोब्ली हॉटेलात गेला, तर दाराशी ही गर्दी! गावाजवळ खनिज तेल लागले होते आणि कामगारांचे लोंढे येत होते. आठ-आठ तासांच्या पाळ्यांनी बिछाने भाड्याने जात होते. एक उठला की दुसरा निजायचा. शंभर टक्के भरलेले हॉटेल आपण समजू शकतो. हे एका दिवसात तीनदा भरत होते. हिल्टनने ते ४० खोल्यांचे हॉटेल विकत घेतले आणि पहिली विचारपूस केली ती जागेची. भोजनगृह पैसे मिळवून देत नाही असे दिसताच त्याने तेथे निजण्याच्या खोल्या केल्या. प्रत्येक चौरस फूट काय मिळवतो हे विचारण्याची ही खोड त्याला जन्मभर राहिली.

पण एका हॉटेलचा हिशेब दुसऱ्याशी ताडून पाहायचा तर दोघांची भाषा एक हवी. कोणी चादरी धुण्याचा खर्च खोल्यांच्या नावे टाकी, कोणी तो सबंध इमारतीच्या नावे मांडी. दोन वह्यांतला नफा मग एकमेकांशी बोलणार कसा? न्यूयॉर्क शहरातील हॉटेलवाल्यांच्या संघटनेने १९२६ साली हिशेबाची एक समान पद्धत छापून काढली. कोणता खर्च कोठे लिहायचा एवढेच तिच्यात सांगितले होते. काम रुक्ष खरे. परंतु ते झाल्यावाचून कोणतीच सरासरी काढण्यात अर्थ नव्हता. आंबे आणि फणस एका टोपलीत घालून सरासरी फळाचे वजन काढता येईल, पण ते घेऊन बाजारात जाता येणार नाही.

आणि पाठोपाठ १९२९ची महामंदी कोसळली. १९२०च्या दशकात भरलेली हॉटेले पाहून जो तो नवी बांधत सुटला होता. भरभराटीच्या वर्षांची सरासरी त्यांनी कायमची धरली होती. मंदीच्या ऐन कहरात अमेरिकेतील खोल्या जेमतेम निम्म्या भरत होत्या, आणि पाचांतली चार हॉटेले सावकारांच्या किंवा न्यायालयाच्या ताब्यात गेली असे सांगितले जाते. त्या पाचांतल्या चारांमागे मालक होते, तसे स्वैपाकी, धोबी आणि दारवानही होते. आकडा चुकला की चूल विझते ती अशी.

मंदीतून जे तगले त्यांत हिल्टन होता. १९५४ साली त्याने स्टॅटलरची सबंध हॉटेलमालिका ११ कोटी १० लाख डॉलर्सना विकत घेतली. स्टॅटलर तेव्हा हयात नव्हता. तो १९२८ सालीच, मंदी येण्यापूर्वी, वारला होता.

आता थोडे गणित करू. घाबरण्याचे कारण नाही. समजा, दोन हॉटेले आहेत, प्रत्येकी १०० खोल्यांची. पहिल्यात ९० खोल्या हजार रुपयांनी जातात. दुसऱ्यात ६०च जातात, पण सोळाशे रुपयांनी. पहिला मालक भरतीच्या टक्क्यांवर मिशीला पीळ देईल, दुसरा दरावर. परंतु एकूण उत्पन्न असलेल्या सर्व खोल्यांवर, रिकाम्यांसकट, वाटून पाहा. पहिल्याला दर खोलीमागे ९०० रुपये पडतात, दुसऱ्याला ९६०. शिवाय दुसऱ्याला तीस खोल्यांचे केर-पाणी कमी. या धंद्यात आज सर्वत्र पाहिली जाणारी सरासरी ती हीच. रिकामी खोलीही तिच्यात भागीदार असते, हा तिचा गुण.

तरीही ही सरासरी काहीतरी लपवतेच. वर्षाला सरासरी ७० टक्के भरणारे हॉटेल रोज ७० टक्के भरत नाही. पंढरपुरात आषाढीला काय होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी काय होते, ते आपण जाणतोच. एका रात्री माणसे परत जातात, दुसऱ्या रात्री व्हरांड्यात मांजर निजते. वर्षाची सरासरी या दोन्ही रात्रींविषयी मौन पाळते. म्हणून संख्याशास्त्र दोन प्रश्न विचारते: मध्य कोठे आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसारा किती आहे? शाळेत आम्ही पहिलाच शिकवतो. धंदा बुडतो तो बहुधा दुसऱ्यामुळे.

याचे उत्तम उदाहरण आगाऊ नोंदणीचे. खोली राखून ठेवायला सांगून न येणारे लोक असतातच. समजा, दहांतला एक येत नाही. मग १०० खोल्यांसाठी ११० जणांची नोंदणी घेतली तर सरासरी ९९ येतील. घर भरले, वर एक खोली शिल्लक! मालक खूश. परंतु ९९ ही सरासरी आहे. कधी ९५ येतील, कधी १०३. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने येतो वा राहतो असे धरून संभवाचा हिशेब केला, तर दर तीन रात्रींतल्या एका रात्री निदान एका माणसाला दारातून परत पाठवावे लागते. तेच ११० ऐवजी १०५ नोंदी घेतल्या, तर ही पाळी सुमारे साठ रात्रींतून एकदाच येते. फरक पाच नोंदींचा, आणि परिणाम विसांतल्या एका भागाचा! सरासरीकडे पाहून हे कधीच कळले नसते. त्यातही लग्नाचे वऱ्हाड असेल तर ते एकदम येते किंवा एकदमच येत नाही. तेथे हा हिशेब आणखी सावधपणे करावा लागतो.

अशा हिशेबांना शास्त्राचे रूप आले ते आधी विमान कंपन्यांत, कारण विमानाची रिकामी खुर्चीही उड्डाणाबरोबर मरते. १९७२ साली ब्रिटिश विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. आपल्या खोलीच्या भाषेत तो असा: आज एक जण हजार रुपये द्यायला तयार आहे, थांबलात तर दोन हजार देणारा येण्याचा संभव आहे. तो संभव निम्म्याहून अधिक वाटला तर खोली राखून ठेवा, कमी वाटला तर आजचे हजार घ्या. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५च्या सुमारास हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले, आणि तिच्यापासून धडा घेऊन त्याच दशकात मॅरियट कंपनीने ते हॉटेलात आणले. ही कंपनी १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये नऊ स्टुलांच्या एका पेयाच्या दुकानापासून सुरू झालेली. आज एकाच खोलीचा दर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु जो परत पाठवला जातो त्याचे काय? २८ एप्रिल १९७२ रोजी राल्फ नेडर या गृहस्थांना, हाती पक्की नोंदणी असताना, विमानात जागा नाकारण्यात आली. जागांपेक्षा नोंदी जास्त घेतलेल्या होत्या. कंपनीच्या दुर्दैवाने नेडर हे ग्राहकांच्या हक्कांसाठी झगडणारे अमेरिकेतले सर्वांत नामवंत पुढारी निघाले. ते न्यायालयात गेले, आणि १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जादा नोंदी घेतल्याची गोष्ट ग्राहकापासून लपवली या कारणावरून कंपनीवर दावा चालू शकतो.

यावर उपाय सुचवला तोही हिशेब करणाऱ्या माणसानेच. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ सालीच म्हटले होते की, जागा कमी पडली तर कोणालाही बळजबरीने उतरवू नका; किती मोबदला घेऊन कोण आपखुशीने थांबतो ते विचारा. दहा वर्षांनी, १९७८च्या सुमारास, अमेरिकी सरकारने या विचाराला नियमाचे रूप दिले. चांगल्या हॉटेलांतही प्रघात असा की, नोंदणी असलेल्या पाहुण्याला जागा देता आली नाही तर दुसऱ्या हॉटेलातली खोली आणि तेथवरचे गाडीभाडे आपण द्यायचे. या उपायाने गणित खोटे ठरले नाही. ते पुरे झाले. परत पाठवलेल्या माणसाचा त्रास वहीच्या खर्चाच्या बाजूला लिहिला गेला, आणि तो लिहिल्याबरोबर किती जादा नोंदी घ्याव्यात याचे उत्तरही बदलले.

एवढी सगळी तयारी झाल्यावर २०२० साल आले. २०१९ साली अमेरिकेतील हॉटेले सरासरी ६६ टक्के भरली होती. २०२०च्या एप्रिलमध्ये चारांतली जेमतेम एक खोली भरली. मागच्या वर्षांच्या आकड्यांवर पोसलेली सगळी यंत्रे त्या महिन्यात मुकी झाली. मागचे आकडे मागच्यासारख्याच दिवसांविषयी बोलतात. बफेलोच्या प्रदर्शनात स्टॅटलरला जे भोगावे लागले, ते एकशेएकोणीस वर्षांनी साऱ्या जगाला भोगावे लागले.

म्हणून संख्याशास्त्र टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. अंधारात चालणाऱ्याच्या हातात कंदील असावा. फक्त त्याचा उजेड कोठवर पडतो हे त्याला ठाऊक असावे. सरासरीचा पाहुणा आजवर कोणत्याही हॉटेलच्या दारात उतरलेला नाही. उतरतो तो एखादा थकलेला प्रवासी, कडेवर मूल, हातात पिशवी, आणि रात्रीचे अकरा वाजलेले. सारा हिशेब करायचा तो त्या वेळी त्याला देण्यासाठी एक किल्ली शिल्लक असावी म्हणून.