स्वातंत्र्याचा दंड आणि हैतीचा भूकंप

भूकंप गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याची एक रीत आहे. जमिनीपुरते ते खरे आहे. परंतु माणूस जमीन हलल्याने सहसा मरत नाही. तो अंगावर कोसळणाऱ्या भिंतीने आणि छताने मरतो. ती भिंत कोणी, कोणत्या पैशांत आणि कोणत्या कायद्याखाली बांधली, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे.

२०१० साली दीड महिन्याच्या अंतराने दोन भूकंप झाले. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा, २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ तीव्रतेचा. चिलीच्या भूकंपातून सुमारे पाचशेपट अधिक ऊर्जा बाहेर पडली. तेथे सव्वापाचशेच्या आसपास माणसे मेली आणि त्यांतलीही बरीच समुद्राच्या लाटांनी नेली. हैतीच्या सरकारने मृतांचा आकडा तीन लाखांहून अधिक सांगितला. इतरांचे अंदाज त्याहून पुष्कळ खाली आहेत, तरी सर्वांत कमी अंदाजही चाळीस हजारांच्या वर जातो. मेल्यावर नीट मोजले जाणे हेसुद्धा गरिबाच्या वाट्याला येत नाही.

हैतीच्या भूकंपाचे केंद्र उथळ होते आणि राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर होते, हे मान्य केले पाहिजे. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. चिलीही एकेकाळची वसाहतच. १९३९ साली चिय्यानच्या भूकंपात तेथेही हजारो माणसे मेली. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक होत गेले, ते अमलात आणणारी यंत्रणा उभी राहिली आणि इमारत कोसळली तर बांधणाऱ्याला जाब विचारता येऊ लागला. हैतीत २०१० साली देशभर लागू असलेला बांधकामाचा कायदाच नव्हता. कमी सिमेंट, निकृष्ट वाळू आणि अपुऱ्या सळया यांवर जड काँक्रीटची छपरे उभी होती.

हैतीच्या लोकांना हे कळत नव्हते काय? १७५१ आणि १७७० साली भूकंपांनी पोर्त-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केले होते. १७७० नंतर फ्रेंच अधिकाऱ्यांनी दगडविटांच्या बांधकामास बंदी करून लाकडी घरे बांधण्याचा हुकूम काढला होता. २०१० साली शहरातली जुनी लाकडी घरे पुष्कळशी टिकली, हे पाहणीत दिसून आले. म्हणजे ज्ञान होते. ते टिकवणारे, राबवणारे राज्य उभे राहू दिले गेले नाही. का, ते पाहिले पाहिजे.

हैती ही फ्रान्सची साखरेची वसाहत. १७९१ साली तेथील गुलामांनी बंड केले, तेरा वर्षे लढून नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. जगाच्या इतिहासात गुलामांनी स्वतः बेड्या तोडून राष्ट्र उभारल्याचे असे दुसरे उदाहरण नाही. त्याची शिक्षा १८२५ साली मिळाली. फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून पंधरा कोटी फ्रँकची मागणी केली. कशाबद्दल? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेबद्दल. आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. ज्यांना विकत घेतले होते, त्यांच्याकडूनच त्यांच्या मुक्तीची किंमत वसूल झाली. पुढे १८३८ साली रक्कम नऊ कोटींवर आली, पण पहिला हप्ता भरण्यासाठीच फ्रेंच सावकारांकडून कर्ज काढावे लागले होते. त्या कर्जातून नवे कर्ज निघत गेले आणि फेड विसाव्या शतकापर्यंत चालली. १९१५ ते १९३४ अमेरिकेचे सैन्य देश ताब्यात घेऊन बसले. नंतर दुवालिए बापलेकांची हुकूमशाही आली, ती १९८६ पर्यंत टिकली. शाळा, दवाखाने, नगररचना यांसाठी जो पैसा लागतो, तो पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात राहिला.

१९९५ साली परदेशी तांदळावरील जकात बाहेरच्या दबावाने तीन टक्क्यांवर आणली गेली. स्वस्त अमेरिकन तांदळापुढे हैतीचा शेतकरी बुडाला. त्या धोरणाबद्दल माजी अध्यक्ष क्लिंटन यांनी २०१० साली, भूकंपानंतर, जाहीर माफी मागितली. पण बुडालेला शेतकरी तोवर राजधानीच्या डोंगरउतारांवर, एकावर एक चढलेल्या वस्त्यांत येऊन राहिला होता. भूकंपाने त्याला तेथे गाठले.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला ६.२ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मेली. जाड दगडमातीच्या भिंतींखाली बहुतेकांचा जीव गेला. चारच वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात ६.९ तीव्रतेच्या भूकंपात त्रेसष्ट माणसे दगावली होती. त्या फरकाला दैव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दैव म्हटले की जाब विचारावा लागत नाही. आणि दैवाची ही भाषा आपल्या समाजाला चांगलीच परिचयाची आहे.

म्हणून भूकंपाच्या बातमीत तीव्रतेचा आकडा वाचून थांबू नये. तेथील जमीन कोणाची होती, कर्ज कोणाचे होते आणि घर बांधणाऱ्याच्या हातात सळईपुरता पैसा का नव्हता, हे विचारावे. जमिनीचा थरकाप काही सेकंदांचा असतो. हैतीच्या भिंती कच्च्या राहण्यास १८२५ पासूनची वर्षे लागली.